अंदाजवही: पहिल्या फटक्यात आलेल्या निर्णयांच्या प्रकल्प नोंदी

२ जून

आजपासून सुरू. वही म्हणतोय पण आहे एक साधं शीट, मोबाइलवर उघडतं, एवढंच बघितलंय. काम असं की दिवसभरात आपण जे निर्णय विचार न करता घेतो, म्हणजे "हा माणूस बरा वाटत नाही", "हे तासाभरात होईल", "ती चिडलीये", असले, ते मनात आल्या आल्या लिहायचे आणि नंतर खरं काय निघालं ते शेजारच्या कॉलममध्ये भरायचं. मी माझे लिहिणार, ताई तिचे लिहिणार (ती नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, मी सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये).

एकच नियम कडक ठेवलाय, निकाल कळायच्या आधी लिहिलेलंच धरायचं. कारण "मला आधीच वाटलं होतं" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि ते म्हणताना खोटं बोलत नसतो, खरंच तसं आठवत असतं. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि मॉस्को दौऱ्याआधी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की या दौऱ्यात काय काय होईल, प्रत्येक गोष्टीची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं की तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते ते आठवून लिहा. ज्या गोष्टी घडल्या असं त्यांना वाटत होतं, त्यांना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं त्यांना आठवलं. हा अभ्यास १९७५ ला छापून आला. म्हणजे आठवणीच्या जोरावर आपल्या अंदाजांचा हिशोब मांडताच येत नाही, लिहिलंच पाहिजे.

५ जून

कॉलम सध्या असे: काय वाटलं, किती खात्री (शंभरपैकी), कधी कळेल, काय निघालं.

ताईने पहिल्याच दिवशी विचारलं की "पटकन" म्हणजे किती पटकन? सेकंद मोजत बसणं शक्य नाही. ठरलं असं की कारण शोधायच्या आधी उत्तर तयार असेल तर ती नोंद घ्यायची. कारणं मागून आली तरी चालतील.

९ जून

आज वाचन. बुद्धिबळापासून सुरुवात केली कारण या विषयात जो तो तिथूनच सुरू करतो, आणि ते योग्यच आहे.

आद्रियान द ग्रोट हा डच मानसशास्त्रज्ञ स्वतः तगडा खेळाडू होता, त्याने १९४० च्या दशकात बघितलं की मोठे खेळाडू पट बघताक्षणी चांगल्या चालींपाशी पोचतात, खूप पुढच्या चाली मोजून नाही. मग १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी तोच प्रयोग नीट बांधला. खऱ्या डावातली मांडणी ५ सेकंद दाखवायची, झाकायची, आणि आठवून पुन्हा मांडायला सांगायची. मास्टर भराभर मांडतो, नवखा चार-पाच मोहऱ्यांवर अडकतो. इथपर्यंत वाटेल की मास्टरची स्मरणशक्तीच दांडगी. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली तर मास्टरचा फायदा जवळजवळ संपतो, तोही नवख्याच्या पंगतीला येऊन बसतो! म्हणजे त्याच्या डोक्यात साठलेत ते हजारो ओळखीचे आकृतिबंध, आणि ते फक्त खऱ्या डावातच भेटतात.

सायमनने पुढे १९९२ मध्ये लिहिलं की अंतर्ज्ञान म्हणजे ओळख पटणं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. मला हे फार पटतं. ओळखीचा चेहरा गर्दीत दिसला की आपण नाक-डोळे तपासत बसत नाही, नाव आधी येतं, तसंच. यात गूढ काही नाही, पण म्हणून ते साधं होत नाही, उलट प्रश्न वाढतात. ओळख कुठे झाली, किती वेळा झाली, आणि ती चुकीची होती तेव्हा कोणी सांगितलं का?

१४ जून

आज ताईची ड्यूटी संपल्यावर निवांत बसलो. तिच्या शीटमध्ये एक नोंद होती, "बाळ बरं दिसत नाहीये, खात्री ८०". बस एवढंच. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, "अरे असंच वाटलं, बघितल्यावर कळतं."

तिथे सोडून दिलं असतं तर प्रकल्पच संपला असता. पण गॅरी क्लाइनची पद्धत वाचून बसलो होतो. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांशी बोलत होता, त्यांना तो "तुम्ही निर्णय कसे घेता" असं विचारायचाच नाही. एक प्रसंग घ्यायचा, तो मिनिटामिनिटाने उलगडायचा, त्या वेळी काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, नवखा असता तर त्याच्या काय लक्षात आलं नसतं, असं. त्यातलाच तो गाजलेला प्रसंग. एक अधिकारी आपली माणसं घेऊन घरात शिरतो, मागच्या बाजूला स्वयंपाकघरात आग, पाणी मारतात पण आग बधत नाही. त्याला काहीतरी खटकतं, सगळ्यांना बाहेर काढतो, आणि थोड्याच वेळात ते उभे होते तिथली जमीन खाली कोसळते. आग मुळात तळघरात होती. त्याला वाटत होतं की आपल्याला सहावं इंद्रिय आहे. प्रसंग उलगडला तेव्हा निघालं की खोली एवढ्याशा आगीच्या मानाने फार तापली होती, आणि एवढ्या तापमानाला आवाज हवा तेवढा नव्हता, कारण मधल्या जमिनीने आवाज अडवलेला. आग नेहमीसारखी वागत नव्हती, हे त्याला कळलं होतं, फक्त कशामुळे ते सांगता येत नव्हतं.

तर ताईला मी तसंच विचारत गेलो. तू खोलीत आलीस तेव्हा बाळ कुठल्या कुशीवर होतं? मॉनिटर आधी बघितलास की बाळ? ती म्हणाली बाळ, नेहमी बाळच. मग रंग कसा होता? इथे ती थांबली आणि म्हणाली की रंग नेहमीचा नव्हता, जरा राखाडी झाक होती, तोंडाभोवती जास्त. आणि हात उचलून सोडला तर आदल्या दिवशी जसा आखडून घ्यायचा तसा घेतला नाही. आणि दूध आदल्या पाळीत पचत होतं, आता पोटात थोडं शिल्लक राहत होतं. आणि पायाला हात लावला तर गार. मध्ये एकदा श्वास क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला होता, मॉनिटरने नोंदवायच्या आत बाळ सावरलं म्हणून चार्टवर आलंच नाही. यातली एकही गोष्ट एकटी धरली तर डॉक्टरला बोलवण्यासारखी नाही. सगळ्या एकदम, आणि कालच्या तुलनेत, हे महत्त्वाचं.

"असंच वाटलं" म्हणणाऱ्या बाईने एवढं सगळं बघितलं होतं!

बेथ क्रँडल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, क्लाइनच्याच पद्धतीने, अशाच विभागातल्या अनुभवी नर्सेसशी बोलून जंतुसंसर्गाच्या खुणांची यादी काढली होती. त्यातल्या बऱ्याच खुणा तेव्हाच्या वैद्यकीय साहित्यात नव्हत्या आणि काही तर मोठ्या माणसांत दिसतात त्याच्या उलट. ताईला सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलं नाही, म्हणाली नवीन मुलींना शिकवताना हेच तर सांगता येत नाही नेमकं.

शीटमध्ये नवीन कॉलम: काय दिसलं / ऐकलं. हा निकालाआधी भरलाच पाहिजे असं नाही, पण कारण म्हणून काहीही लिहायचं नाही, फक्त डोळ्याला-कानाला आलेलं.

१५ जून

कालचं वाचून एक शंका आली. बरोबर आलेले प्रसंग लक्षात राहतात, "बरं दिसत नाहीये" वाटलं आणि काहीच निघालं नाही ते कुठे गेले? ताईला विचारलं, ती म्हणाली तसेही बरेच असतात, पण तिच्याकडे ते कळतं. रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत येतो, बाळ समोरच असतं, पुढच्या पाळीवाली सांगते. म्हणजे तिच्या अंदाजाला रोज कोणीतरी उत्तर देतंय, हो किंवा नाही.

माझ्या टिकेट्सचंही (म्हणजे सपोर्टला येणाऱ्या तक्रारींचं) तसंच आहे. एरर बघून "डिस्क भरलीये" वाटतं, एका कमांडमध्ये कळतं भरलीये की नाही. वर्षानुवर्षं दिवसभर हेच चाललंय, तर त्यातला अंदाज बरा असणारच, त्यात माझं कौतुक काही नाही.

२१ जून

माणसांबद्दलच्या नोंदी. या सगळ्यात जास्त आहेत आणि सगळ्यात अवघड.

जनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांचा २००६ चा प्रयोग, अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला आणि विचारलं की हा विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का. वेळेचं बंधन नसलेल्या लोकांची मतं आणि यांची मतं बरीच जुळली. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदललं नाही, वाढला तो आत्मविश्वास. पण लोकांचं एकमेकांशी जुळलं म्हणजे ते खरं ठरलं असं नाही, हे इथे सारखं विसरायला होतं. सगळ्यांना एखादा चेहरा विश्वासू वाटतो यावरून तो माणूस उसने पैसे परत करेल की नाही हे कळत नाही.

दुसरी बाजूही लिहून ठेवतो. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९९३ मध्ये शिक्षकांच्या शिकवण्याच्या आवाज बंद केलेल्या छोट्या छोट्या क्लिप्स अनोळखी लोकांना दाखवल्या, आणि त्यांनी दिलेले गुण सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी चांगलेच जुळले. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त दोन्हीकडे मोजलं गेलं ते साधारण एकच, शिक्षक लोकांना कसा वाटतो. विद्यार्थी किती शिकले हा वेगळा प्रश्न झाला.

आणि आमच्या टीममध्ये सध्या इंटरव्ह्यू चालू आहेत म्हणून मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचं १९५५ सालचं काम पुन्हा काढलं. वय २१, इस्रायली सैन्यात, काम दिलं नवीन भरती होणाऱ्यांच्या मुलाखतीची पद्धत बसवायचं. तोवर मुलाखत घेणारे गप्पा मारून एकूण मत द्यायचे आणि त्या मतांचा पुढच्या कामगिरीशी फारसा मेळ बसत नव्हता. यांनी सहा गुण ठरवले, जबाबदारीची जाणीव, लोकांत मिसळणं वगैरे, प्रत्येकाचे ठरलेले प्रश्न, एक गुण संपवायचा, आकडा द्यायचा, मगच पुढे. मुलाखत घेणारे वैतागले, आम्हाला यंत्र बनवता का म्हणून. तेव्हा कानेमननी तडजोड केली, शेवटी डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा वाटेल ते डोळ्यासमोर आणा आणि एक आकडा द्या. पुढे मोजलं तर सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच सरस निघाली, आणि तो डोळे मिटून दिलेला आकडा बेरजेच्या तोडीस तोड!

मला यातलं शेवटचं, डोळे मिटून दिलेल्या आकड्याचं, जास्त महत्त्वाचं वाटतं. आतला आवाज टाकाऊ नव्हता, त्याची पाळी फक्त शेवटी यायला हवी होती. खुर्चीत बसता बसता जो आवाज येतो तो चेहऱ्याचा, कपड्यांचा, आवाजाच्या पट्टीचा असतो, आणि सहा गुण नीट बघून झाल्यावर जो येतो तो त्या माहितीचा.

टीमलीडना हे सांगितलं, पुढच्या मुलाखतीला प्रत्येकाने आधी वेगवेगळे गुण द्यायचे, एकूण मत शेवटी, आणि तोपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. मान्य झालं.

२३ जून

अंतर्ज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या रॉबिन होगार्थ यांच्या लेखनात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरची गोष्ट येते. टायफॉइड ओळखण्यात नावाजलेला. वॉर्डमधून फिरताना रुग्णांच्या जिभा हाताने चाचपून बघायचा आणि सांगायचा की याला होणार, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत व्हायचा. हात न धुता एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर जात होता. रोग तोच पसरवत होता आणि प्रत्येक नवीन रुग्ण त्याच्या अंदाजाला दुजोरा देत होता.

कालपासून ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये. कारण याला अनुभव होता, फीडबॅकही होता, पटकन होता, आणि तरी सगळं उलटं शिकवत होता. होगार्थ अशा जागांना दुष्ट म्हणतात, आणि ताईच्या वॉर्डसारख्या, माझ्या टिकेट्ससारख्या जागांना दयाळू. जागा दयाळू असली की चुकलं तर चुकलं म्हणून कळतं.

आता मुलाखतीचं बघा. ज्यांना घेतलं ते कसं काम करतात ते दिसतं. ज्यांना नाकारलं ते कधीच दिसत नाहीत. म्हणजे "मला माणसं बरोबर ओळखता येतात" म्हणणाऱ्याला अर्धी उत्तरपत्रिका कधी तपासूनच मिळालेली नाही. वर ज्याच्याबद्दल पहिलं मत चांगलं झालं त्याला चांगली कामं मिळतात, जरा जास्त सांभाळून घेतलं जातं, तो पुढे जातो, आणि मत खरं ठरतं.

कानेमन आणि क्लाइन यांचा २००९ चा एकत्र निबंध पण याच मुद्द्यावर येऊन थांबतो. एक आयुष्यभर चुकणारे अंदाज अभ्यासत आलेला, दुसरा बरोबर येणारे, काही वर्षं वाद घातला आणि मग दोघांची सही असलेला निबंध. दोन अटी: ज्या जगाबद्दल अंदाज करताय त्यात काही नियमितपणा हवा, आणि तो शिकायला पुरेसा सराव नि वेळेवर खरी उत्तरं मिळायला हवीत. दोन्ही असतील तर तो अंदाज ऐकण्यासारखा. आणि आतून किती ठाम वाटतंय हा पुरावा धरायचा नाही, कारण ठामपणा दोन्हीकडे सारखाच येतो.

माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचं हाडच हे आहे. अंदाज आला की "मला किती खात्री आहे" हे विचारण्यापेक्षा "मी हे कुठे शिकलो आणि तिथे चुकलो की कोण सांगायचं" हे विचारायचं.

दोन कॉलम वाढवले: उत्तर कोण देणार, आणि माझ्या वागण्याने उत्तर बदललं असतं का. दुसरा भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो पण तोच ठेवायचाय.

२९ जून

खात्रीच्या कॉलमबद्दल. शेन फ्रेडरिक यांची २००५ ची तीन प्रश्नांची चाचणी आहे, पहिलं सुचलेलं चुकीचं उत्तर माणूस थांबवतो का ते बघणारी, त्यातला एक प्रश्न टीममध्ये सगळ्यांना घातला. ५ यंत्रांना ५ वस्तू बनवायला ५ मिनिटं लागतात, तर १०० यंत्रांना १०० वस्तू बनवायला किती? शंभर हा आकडा जिभेवर येतोच, येऊ न देणं कोणाच्या हातात नाही. उत्तर ५ मिनिटं, कारण एक यंत्र एक वस्तू पाच मिनिटांत बनवतं, शंभर यंत्रं लावली तरी तेवढीच. गंमत प्रश्नात नाही, गंमत यात आहे की शंभर म्हणताना काहीच खटकत नाही. ५-५-५, १००-१००-१००, कसं छान बसतं. गुळगुळीत बसलं की मन त्याला खरं समजतं.

४ जुलै

शीट बघून एका सहकाऱ्याने विचारलं की मग थांबून विचार करणं नेहमी बरंच ना? नाही, आणि इथे अभ्यास दोन्हीकडे ओढतात, पण नीट बघितलं तर भांडत नाहीत.

टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना पोस्टर निवडून घरी न्यायला दिली. काहींना आधी आवडी-निवडीची कारणं लिहायला लावली. कारणं लिहिणारे काही आठवड्यांनी आपल्या पोस्टरवर कमी खूष होते. आवड ही गोष्ट अशी की कारणं मागितली की जी शब्दांत सांगता येतात तीच वर येतात, आणि माणूस त्यांच्या मागे जातो. इथे बरोबर उत्तर म्हणजे तुम्हालाच काय आवडतं ते, दुसरं कोणी तपासणार नाही.

बुद्धिबळात उलट. २०१२ चा मॉक्सली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास, पहिली सुचलेली चाल आणि काही मिनिटं विचार करून निवडलेली चाल यांची तुलना. नवख्यांचीच नाही, तज्ज्ञांचीही चाल विचाराने सुधारली. ज्याला पहिल्या नजरेचा राजा म्हणतो त्यालाही वेळ उपयोगी पडतो.

आणि परीक्षेतला तो सल्ला, पहिलं उत्तर बदलू नकोस, हा तर चक्क उलटा आहे. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी (२००५) दीड हजारांवर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडरबराच्या खुणा तपासल्या. बदललेल्या उत्तरांत चुकीचं बरोबर झालं ५१ टक्के वेळा, बरोबरचं चुकीचं झालं २५ टक्के, उरलेली चुकीवरून चुकीवर. तरी सल्ला टिकून आहे, कारण बरोबर उत्तर खोडून चुकीचं केलं त्याची चुटपुट जन्मभर लागते आणि चुकीचं खोडून बरोबर केलं ते दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. शाळेत हे शिकवायला हवं, मनापासून वाटतं, किती मुलं हातातले मार्क सोडत असतील.

१० जुलै

मेसेजच्या नोंदी आज एकत्र वाचल्या. "ठीक आहे." असा पूर्णविराम लावून आलेला मेसेज, वाटलं चिडलीये, खात्री ९०. काय दिसलं या कॉलममध्ये लिहायला एक पूर्णविराम सोडून काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं, तर मेसेज पाठवणारी मीटिंगमध्ये होती, टाइप करायला वेळ नव्हता.

अशा नोंदींत हेच परत परत दिसतं, खात्री वरची आणि दिसलेलं जवळजवळ शून्य. ताईच्या बाळाच्या नोंदीत याच्या बरोबर उलट होतं, खात्री ८० आणि दिसलेल्या गोष्टींची रांग. हे दोन कॉलम शेजारी-शेजारी आणले, मग शीट वाचायला एकदम सोपं झालं.

क्रुगर आणि निकोलस एप्ली वगैरेंचा २००५ चाच ईमेलवरचा प्रयोग इथे लागू पडतो. उपरोधाने लिहिलंय की गंभीरपणे, हे समोरच्याला कळेल असं लिहिणाऱ्यांना ७८ टक्के वेळा वाटलं. ईमेलवर वाचणाऱ्यांना कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. तेच बोलून दाखवल्यावर ७३. सूर ओळखायची आपली सवय आवाजावर आणि चेहऱ्यावर तयार झालीये, मेसेजमध्ये त्या दोन्ही नाहीत, पण अंदाज काही यायचा थांबत नाही. आणि गैरसमज बहुतेक वेळा कोणी दुरुस्त करत नाही, आपण मनात धरून दोन दिवस तुटक वागतो, मग समोरचाही तुटक वागतो, झाला टायफॉइड.

मेसेजसाठी मी आता ठरवलंय, सूर कळला नाही तर फोन करायचा.

१३ जुलै

शीटची दुसरी आवृत्ती तयार. कॉलमचा क्रम: काय वाटलं, काय दिसलं/ऐकलं, खात्री, उत्तर कोण देणार, कधी, माझ्या वागण्याने बदललं असतं का, काय निघालं. "उत्तर कोण देणार" रिकामं राहिलं तर ती ओळ आपोआप पिवळी होते. माणसांबद्दलच्या नोंदी बहुतेक पिवळ्या, टिकेट्सच्या बहुतेक पांढऱ्या.

ताईने तिच्या प्रमुखांना विचारून नवीन नर्सेससाठी वेगळी प्रत मागितलीये, बाळाची कुठलीही ओळख न लिहिता, फक्त "काय दिसलं" आणि रिपोर्ट काय आला एवढे दोनच कॉलम. ती म्हणाली पाळी बदलताना पाच मिनिटं मिळतात, त्यात बसलं पाहिजे. तिच्यासाठी रंग, हालचाल, दूध, तापमान, श्वास हे पर्याय टिचकी मारून निवडता येतील असे करतोय, खाली एक मोकळी जागा, कारण नवीन खूण यादीत नसणारच. उद्या तिच्या फोनवर टाकून बघायचं.